नाव, गाव आणि फूल : भुंग्याच्या तीन ओळींची तपासणी

शाळेतील कीटकांचा तक्ता, परिसर अभ्यासाची पुस्तिका किंवा अभयारण्याच्या दाराशी लावलेला माहितीफलक, यांपैकी कोठेही भुंग्याची नोंद पाहिली तर ती साधारण तीन ओळींची असते. 'भुंगा : मोठा, काळा, गुणगुणणारा कीटक. भारतात सर्वत्र आढळतो. निरनिराळ्या फुलांतून मध गोळा करतो.' कधी कधी त्याला 'झायलोकोपा व्हायोलेशिया' असे शास्त्रीय नावही जोडलेले असते. हा मजकूर आम्ही कोणत्याही एका पुस्तिकेतून घेतलेला नाही. अनेक ठिकाणी वाचलेल्या नोंदींचे ते सार आहे, आणि शिक्षकांना ते ओळखीचे वाटेल.

या तीन ओळींत नाव आहे, गाव आहे आणि फूल आहे. मुले 'नाव, गाव, फळ, फूल' हा खेळ खेळतात. त्यात एक नियम असतो : रकाना रिकामा राहिला तर गुण नाही, म्हणून काहीतरी लिहून टाकायचे. आमची तक्रार अशी की रानमाश्यांविषयीच्या आपल्या लोकप्रिय लेखनाने हाच नियम उचलला आहे. प्रत्येक रकाना भरलेला असतो. तो कशाच्या आधारावर भरला हे मात्र कोठेच लिहिलेले नसते. वास्तविक नाव, प्रसार आणि फुले ही तीन वेगवेगळी विधाने आहेत. प्रत्येकाला वेगळा पुरावा लागतो, आणि एक विधान खरे ठरले म्हणून दुसरे आपोआप खरे ठरत नाही.

या लेखात भुंग्याचे उदाहरण घेऊन हे तिन्ही रकाने आपण तपासू. भुंगा निवडण्याचे कारण साधे आहे. तो सर्वांनी पाहिलेला आहे, आणि त्याच्या काही जातींवर महाराष्ट्रातच, भीमाशंकरच्या जंगलात, फार चांगले संशोधन झालेले आहे.

भुंगा म्हणजे नेमका कोण?

पहिली अडचण शास्त्राची नाही, भाषेची आहे. नारळाच्या बागायतदाराला 'गेंड्या भुंगा' आणि 'सोंड्या भुंगा' माहीत असतात. हे दोन्ही ढालपंखी कीटक आहेत. त्यांच्या पुढच्या पंखांची जोडी कडक ढालीसारखी असते आणि उडण्याचे पंख तिच्याखाली घडी घालून ठेवलेले असतात. दुसरीकडे, घराच्या वाशात किंवा मांडवाच्या बांबूत गोल भोक पाडणारा, दोन्ही जोड्यांचे पंख पातळ असलेला भुंगा ही चक्क एक मधमाशीची बहीण आहे. गांधीलमाश्या, मुंग्या आणि मधमाश्या ज्या गणात येतात त्याच गणातली. एकच मराठी शब्द कीटकांच्या दोन अगदी वेगळ्या गणांसाठी वापरला जातो.

त्यात भाषांतराने आणखी भर घातली आहे. इंग्रजी गोष्टींतील 'बंबलबी' मराठीत आली की तीही भुंगाच होते. बंबलबी केसाळ असते, पोटावरही तिला दाट केस असतात, आणि भारतात ती मुख्यतः हिमालयात आढळते. आपल्या गावातल्या भुंग्याचे पोट बहुधा गुळगुळीत व चकचकीत असते. एवढा एक फरक सांगितला असता तरी अनेक तक्त्यांतली चित्रे बदलावी लागली असती.

गंमत अशी की आपल्या जुन्या वाङ्मयात भुंग्याची खूण अधिक नेमकी आहे. ज्ञानेश्वरी शके १२१२ मध्ये, म्हणजे इ. स. १२९० च्या सुमारास सिद्ध झाली. तिच्या पहिल्या अध्यायात अर्जुनाच्या मोहासाठी भ्रमराचा दृष्टान्त येतो : कोरडे लाकूड पोखरणारा हा जीव कोवळ्या कळीत मात्र अडकून पडतो. कळीत अडकण्याचा भाग कवीचा म्हणून बाजूला ठेवू. तो निरीक्षणाचा पुरावा म्हणून वापरता येणार नाही. पण 'लाकूड पोखरतो' हे लक्षण पक्के आहे, आणि फुलांवर येणाऱ्या माश्यांमध्ये ते एका विशिष्ट गटाकडे बोट दाखवते. या गटाचे शास्त्रीय नाव झायलोकोपा. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ 'लाकूड कापणारा' असाच होतो. आपण त्याला सुतार भुंगा म्हणू. आपल्या तीन ओळींच्या नोंदीत रंग आहे, आकार आहे, आवाज आहे. सातशे वर्षांपूर्वी माहीत असलेले लक्षण मात्र नाही.

नावाचा रकाना

झायलोकोपा हे प्रजातीचे नाव आहे. प्रजाती म्हणजे जवळच्या नात्यातील अनेक जातींचा गट. जगात झायलोकोपाच्या चारशेहून अधिक जाती ज्ञात आहेत, आणि त्यांतल्या कित्येक भारतात आहेत. त्यामुळे 'मोठा, काळा' हे वर्णन एका जातीचे होऊच शकत नाही. ते फार तर एका जमावाचे वर्णन आहे.

झायलोकोपा व्हायोलेशिया हे नाव आपल्याकडे का चिकटले याचा अंदाज करता येतो. ही युरोपातील सुपरिचित जाती आहे आणि तेथील पुस्तकांत तिची चित्रे सर्वत्र असतात. तिचे क्षेत्र पूर्वेकडे मध्य आशियापर्यंत व आपल्या उत्तरेकडील डोंगराळ भागापर्यंत येते. पण म्हणून रत्नागिरीच्या अंगणात वाशाला भोक पाडणारा भुंगा व्हायोलेशिया ठरत नाही. त्यासाठी कोणीतरी नमुना हातात घेऊन तसे ठरवायला हवे.

ठरवायचे कसे? येथे रंग फसवा असतो. झायलोकोपा एस्टुआन्स या जातीची मादी काळी असते आणि तिच्या छातीवर दाट पिवळे केस असतात. तिचा नर मात्र सर्वांगाने पिवळसर हिरवट केसांचा असतो. दोघांना शेजारी ठेवले तर कोणीही दोन जाती म्हणेल. याउलट झायलोकोपा लॅटिपिस आणि झायलोकोपा टेन्युइस्कापा या दोन जातींच्या माद्या इतक्या सारख्या दिसतात की उडताना पाहून त्या वेगळ्या सांगणे धाडसाचे होईल. त्यांच्या नावांतच वेगळेपणाच्या खुणा आहेत : 'लॅटिपिस' म्हणजे रुंद पायांचा आणि 'टेन्युइस्कापा' म्हणजे शृंगिकेचा पहिला सांधा बारीक असलेला. लॅटिपिसच्या नराचे पुढचे पाय खरोखरच पसरट असतात. म्हणजे एका ठिकाणी एक जाती दोन वाटते आणि दुसऱ्या ठिकाणी दोन जाती एक वाटतात.

म्हणून अभ्यासक आधी नर की मादी हे पाहतात. माश्यांमध्ये मादीच्या शृंगिकेला १२ खंड असतात, नराच्या १३. मग जबडे, पंखांवरील शिरांची मांडणी, पायांवरचे केस पाहिले जातात. काही गटांत मादीच्या पोटाच्या पहिल्या खंडात कोळी-किडींना राहण्यासाठी एक लहानशी पोकळी असते, तीही तपासली जाते. ही लक्षणे भिंगाखाली दिसतात. अलीकडे डीएनएच्या ठराविक तुकड्याची तुलनाही करतात. मोबाईलवर काढलेले छायाचित्र आणि त्यावरून नाव सुचवणारी साधने आज हाताशी आहेत, पण छायाचित्रात जे लक्षण आलेच नाही त्याच्याबद्दल ती काही सांगू शकत नाहीत. त्यांनी सुचवलेले नाव ही तपासाची सुरुवात मानावी.

आपल्याकडे या कामाचा पाया म्हणून एका ग्रंथाचा उल्लेख करायलाच हवा. लेफ्टनंट कर्नल सी. टी. बिंगहॅम यांनी लिहिलेला, ब्रिटिश भारताच्या प्राणिसृष्टीवरील मालेतील गांधीलमाश्या व मधमाश्यांचा खंड १८९७ साली प्रसिद्ध झाला. सव्वाशे वर्षे उलटली तरी भारतातल्या माश्यांवर काम करणाऱ्याला तो उघडावाच लागतो. त्याची थोरवी अशी की त्यात नर व मादी यांची वर्णने वेगळी आहेत, लांबी व पंखविस्तार मिलिमीटरमध्ये दिलेला आहे, आणि एका लक्षणावरून दुसऱ्याकडे नेणारी ओळखसूची आहे. म्हणजे वाचकाला लेखकाचे म्हणणे तपासता येते. मर्यादाही स्पष्ट आहेत. पुष्कळ भर रंगावर व केसांवर आहे, अनेक नावे नंतर बदललेली आहेत, आणि फुलांविषयी त्यात फारसे काही सापडत नाही. आमचा आक्षेप बिंगहॅमवर नाही. त्यांनी आपला आधार उघडा ठेवला होता. त्यांच्यानंतर शंभर वर्षांनी लिहिणाऱ्यांनी त्यातली नावे व प्रांत घेतले आणि आधार गाळला, हा आमचा आक्षेप आहे.

गावाचा रकाना

'भारतात सर्वत्र आढळतो' हे वाक्य इतके सवयीचे झाले आहे की ते किती मोठे विधान आहे हे लक्षातच येत नाही. 'सर्वत्र' म्हणण्यासाठी कोणीतरी सर्वत्र पाहिलेले असावे लागते.

प्रसाराचा पुरावा म्हणजे नेमके काय? संग्रहालयातला टाचणीवर लावलेला कीटक आणि त्याखालची चिठ्ठी : ठिकाण, तारीख, गोळा करणाऱ्याचे नाव. अशा चिठ्ठ्या नकाशावर मांडल्या की ठिपके मिळतात. ठिपका म्हणतो, येथे सापडला. ठिपका नसलेल्या जागेला मात्र दोन अर्थ असू शकतात : शोधला आणि सापडला नाही, किंवा कोणी शोधलाच नाही. आपल्या पुस्तिकांतील रंगवलेले नकाशे हे दोन अर्थ एकत्र करतात, आणि ठिपक्यांमधल्या मोकळ्या जागेवर सरळ रंग भरतात.

एक उदाहरण पाहू. डॅनिश कीटकशास्त्रज्ञ फाब्रिसियस यांनी १८०४ साली एका भुंग्याला जे नाव दिले ते आज झायलोकोपा ट्रँक्वेबारिका असे लिहिले जाते. नावातच गाव आहे. ट्रँक्वेबार म्हणजे तमिळनाडूच्या किनाऱ्यावरचे थरंगंबाडी. १८४५ पर्यंत ती डॅनिश वसाहत होती आणि तेथून नैसर्गिक वस्तूंचे नमुने युरोपात जात. जातीच्या नावातील हे गाव म्हणजे तिचे मूळ गाव किंवा मुख्य ठाणे असा समज सहज होतो. खरे तर ते नमुना जेथे हाती लागला त्या बंदराचे नाव आहे. हाच भुंगा तेथून हजार किलोमीटरहून अधिक दूर, सह्याद्रीच्या माथ्यावर भीमाशंकरला सापडतो आणि थायलंडमध्येही त्याच्यावर अभ्यास झालेला आहे. नाव त्याच्या गावाबद्दल फारच थोडे सांगते.

आता याच भुंग्याची दुसरी गोष्ट. भीमाशंकर अभयारण्य शेकरूसाठी प्रसिद्ध आहे. तेथे हेमा सोमनाथन, रेनी बोर्जेस आणि स्वीडनमधील लुंड विद्यापीठाचे एरिक वॉरंट व आल्मुट केल्बर यांनी झायलोकोपाच्या तीन जातींचा अभ्यास केला. तो २००८ व २००९ साली प्रसिद्ध झाला. तीन जातींची कामाची वेळ वेगवेगळी निघाली. झायलोकोपा ल्युकोथोरॅक्स दिवसा उडतो. झायलोकोपा टेन्युइस्कापा मुख्यतः दिवसा उडतो, पण संधिप्रकाशात आणि चांदण्या रात्रीही बाहेर पडतो. आणि झायलोकोपा ट्रँक्वेबारिका खराखुरा निशाचर आहे. चंद्र नसलेल्या रात्रीही तो उडतो. इतकेच नव्हे, ताऱ्यांच्या प्रकाशात तो घरट्याजवळच्या खुणांचे रंग ओळखून लक्षात ठेवतो, असे प्रयोगाने दाखवता आले. आपल्याला त्या उजेडात रंग दिसत नाहीत.

त्याच्या डोळ्यांची मूळ रचना दिवसा उडणाऱ्या माश्यांसारखीच आहे, पण संयुक्त डोळ्यातील भिंगे मोठी आहेत, आणि डोक्याच्या माथ्यावर जे तीन साधे डोळे असतात तेही ठळकपणे मोठे आहेत. म्हणजे या भुंग्याची चांगली खूण त्याच्या माथ्यावर आहे आणि तक्त्यात तिला जागाच नाही.

आता सर्वेक्षणाचा विचार करा. सकाळी आठ ते दुपारी बारा या वेळात जंगलातून फिरून माश्यांची यादी करणाऱ्याला भीमाशंकरला या तीनपैकी दोनच जाती भेटतील. तिसरी त्याच्या यादीत नसेल, आणि मग नकाशावर ती जागा कोरी राहील. कोरी जागा भुंग्याबद्दल काहीच सांगत नाही. ती पाहणाऱ्याच्या घड्याळाबद्दल सांगते. म्हणून प्रसाराच्या प्रत्येक विधानाबरोबर कोठे पाहिले याइतकेच केव्हा पाहिले हेही यायला हवे.

फुलाचा रकाना

'निरनिराळ्या फुलांतून मध गोळा करतो' या वाक्यात दोन चुका आहेत आणि एक गोंधळ. पहिली चूक : फुलात मध नसतो, मकरंद असतो. दुसरी : सुतार भुंगा मधमाश्यांप्रमाणे पोळ्यात मधाचा साठा करत नाही. मादी लाकडात बोगदा कोरते, पराग व मकरंद कालवून त्याचा गोळा करते, त्यावर अंडे घालते आणि लाकडाच्या भुशाची भिंत घालून ती खोली बंद करते. मग पुढची खोली. लाकूड ती खात नाही.

गोंधळ 'फुलांवर येतो' या शब्दांत आहे. माशी फुलावर येते तेव्हा तीन वेगळ्या गोष्टी घडू शकतात. ती मकरंद पिते. ती पिल्लांसाठी पराग गोळा करते. ती एका फुलाचा पराग दुसऱ्याच्या कुक्षीवर पोचवते, म्हणजे परागीभवन करते. या तीनही गोष्टी एकदम घडतीलच असे नाही.

तरवड किंवा वांग्याच्या फुलाकडे पाहा. त्यांच्या परागकोशांना टोकाशी बारीक छिद्रे असतात आणि पराग आत कोंडलेला असतो. सुतार भुंग्याची मादी परागकोश पकडते आणि पंख न हलवता उडण्याचे स्नायू थरथरवते. त्या कंपनाने पराग छिद्रांतून बाहेर उडतो. मधमाशीला ही युक्ती येत नाही. आपल्या नोंदीतील 'गुणगुणणारा' हा शब्द येथे कामाचा ठरला असता, पण तो कोणी समजावून सांगत नाही.

रुईच्या फुलात पराग सुटा नसून पुडीत बांधलेला असतो. ती पुडी भुंग्याच्या पायाला किंवा तोंडाला अडकते आणि दुसऱ्या फुलात जाऊन बसते. येथे भुंगा येतो मकरंदासाठी, आणि काम होते रुईचे.

याउलट लांब नळीच्या अनेक फुलांवर भुंगा तोंडाशी न जाता देठाकडच्या बाजूला नळीला चीर पाडतो आणि मकरंद चोरतो. परागकोशाला तो शिवतही नाही. यादी करणारा येथेही 'भुंगा आला' असेच लिहितो. चोर आणि पाहुणा यांची नोंद एकाच रकान्यात होते.

भीमाशंकरच्याच जंगलातले उदाहरण अधिक बोलके आहे. वारस या झाडाची पांढरी, सुवासिक फुले रात्री उमलतात. त्यांचे परागीभवन रात्री बाहेर पडणारा टेन्युइस्कापा भुंगा करतो असे सोमनाथन व बोर्जेस यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखवले. पांढरे, सुवासिक, रात्री उमलणारे फूल म्हणजे पतंगाचे किंवा वटवाघळाचे, हा पाठ आपण वर्गात शिकवतो. वारसाने तो पाठ वाचलेला नाही. झाडाखाली रात्र काढून पाहणाऱ्यांनाच हे कळू शकले. फुलाच्या रूपावरून अनुमान करणाऱ्याने रकाना चुकीचा भरला असता.

चांगली नोंद कशी घडते

नाव, गाव आणि फूल यांचे परस्परांशी नाते असते आणि ते नीट वापरले तर एकाने दुसऱ्याचा तपास लागतो. याचे स्वच्छ उदाहरण सध्या तरी आम्हाला युरोपात दिसते. तेथे आयव्ही नावाची एक सदाहरित वेल आहे. बाकीची फुले संपत आली की शरद ऋतूत ती फुलते. त्या फुलांवर येणारी एक माशी पश्चिम युरोपात कितीतरी वर्षे लोकांच्या डोळ्यांसमोर होती. परंतु तिच्यासारख्याच दिसणाऱ्या दोन जातींत ती मिसळून गेली होती. त्यांपैकी एक हेदर नावाच्या झुडपाशी आणि दुसरी खाऱ्या दलदलीतील वनस्पतींशी निगडित आहे. उडण्याचा काळ व फुले वेगळी आहेत हे ध्यानात घेऊन, नमुने काळजीपूर्वक तपासून, १९९३ साली श्मिट व वेस्ट्रिख यांनी तिला कोलेटिस हेडेरी हे नाव दिले. युरोपसारख्या, कीटकांचा कसून अभ्यास झालेल्या प्रदेशात एक सर्रास दिसणारी माशी १९९३ पर्यंत अनामिक होती, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

पुढे २००१ साली ही माशी ब्रिटनच्या दक्षिण किनाऱ्यावर प्रथम सापडली. ती कोठवर पसरते याच्या तारीखवार नोंदी शेकडो हौशी निरीक्षकांनी दिल्या. त्यामुळे तिचा नकाशा रंगवलेला नसून मोजलेला आहे. फुलांचा रकानाही बंद केला गेला नाही. ती केवळ आयव्हीचाच पराग घेते असे वाटत होते, पण माश्यांच्या अंगावरचा पराग सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्यावर, ओढा आयव्हीकडे असला तरी ती इतर फुलांचाही पराग घेते असे २००८ साली मांडले गेले. 'आयव्हीची माशी' हे नाव राहिले. त्यामागचे विधान मात्र सुधारले गेले.

यातील कोणत्याही टप्प्याला महागडी उपकरणे अनिवार्य नव्हती. डोळस पाहणे, तारीख लिहिणे आणि जे पाहिले तेवढेच लिहिणे, एवढे पुरेसे होते. शेवटी तज्ज्ञाने नमुना तपासला, पण तज्ज्ञाकडे पोचण्याआधीचे काम शाळेतल्या मुलांनाही करता येण्याजोगे आहे.

हा केवळ शब्दांचा वाद नाही

कोणी म्हणेल, मुलांसाठीच्या तक्त्यात इतकी काटेकोर मांडणी कशाला? भुंगा म्हटले, चित्र दाखवले, झाले. आम्हाला हे पटत नाही, आणि त्याची कारणे व्यवहारातली आहेत.

'भुंगा' म्हणजे नारळाचा शत्रू आणि 'भुंगा' म्हणजे वांग्या-टोमॅटोच्या फुलांचा मित्र, असे दोन प्राणी एका शब्दात कोंबले की फवारणी करणारा हात फरक करत नाही. वाशाला भोक पाडणारा म्हणून सुतार भुंग्याच्या बिळात कीटकनाशक ओतले जाते. पॅशन फ्रूट ही कृष्णकमळाच्या कुळातील वेल आहे. तिच्या मोठ्या फुलाला मोठी माशीच हवी असते. जेथे सुतार भुंगे नाहीत तेथे बागायतदाराला फुलाफुलावर हाताने पराग लावावा लागतो. बिळात औषध ओतणाऱ्याला हा हिशेब कोणी सांगितलेला नसतो.

फुलांच्या यादीवर भर देणाऱ्या पुस्तिका 'माश्यांसाठी फुलझाडे लावा' असा सल्ला देतात. सल्ला वाईट नाही, पण सुतार भुंग्यासाठी तो अर्धाच आहे. त्याला घरट्यासाठी वठलेले लाकूड किंवा पोकळ बांबू लागतो. देवराईची किंवा शाळेच्या आवाराची 'स्वच्छता' करताना वाळके खोड प्रथम तोडले जाते. फुले राहतात, घर जाते. आणि जी जाती रात्री उडते म्हणून यादीत कधी आलीच नाही, ती नाहीशी झाली तरी कोणाच्या लक्षात येणार नाही. जिची नोंद नाही तिची घट मोजता येत नाही.

यापेक्षाही मोठे नुकसान वर्गात होते. भरलेला रकाना पाहून मुलांना वाटते की सगळे कळून चुकले आहे. भारतात माश्यांच्या सातशेहून अधिक जातींची नोंद झाली आहे. त्यांपैकी पुष्कळांच्या बाबतीत घरटे, फुले किंवा नराचे वर्णन यांतले काही ना काही बाकी आहे. ज्या विषयात आठवी-नववीतला विद्यार्थी खरी नवी भर घालू शकतो असे फार थोडे विषय आहेत; हा त्यांपैकी एक आहे. 'सर्वत्र आढळतो' हे वाक्य त्याच्या तोंडावर दार लावून घेते.

शिक्षकांना आमची सूचना अशी. तक्त्यातल्या तीन ओळी पुसू नका. त्यांच्यासमोर प्रश्न लिहा. नावासमोर : कोणत्या लक्षणावरून? गावासमोर : कोठे, कोणत्या तारखेला, किती वाजता, आणि किती वेळ पाहून? फुलासमोर : तेथे त्याने काय केले? पराग घेतला, मकरंद प्याला, चीर पाडली, की नुसता बसून उडाला? शाळेच्या आवारातले एक तरवडाचे झुडूप आणि एक रुईचे झाड घेऊन महिनाभर, ठरलेल्या वेळी पंधरा पंधरा मिनिटे अशा नोंदी करता येतील. भुंगा आला नाही त्या दिवशीही नोंद करायची, कारण 'पाहिले, आला नाही' ही माहिती आहे. नर असेल तर त्याला नांगी नसते आणि मादी डिवचल्याशिवाय सहसा डंख करत नाही. तरी पकडण्याची गरज नाही, अंतर ठेवून पाहावे. वासा किंवा बांबू पोखरलेला दिसला तर बिळाचा व्यास, तोंड कोणत्या दिशेला आहे आणि खाली भुसा पडला आहे का, हे लिहावे.

आणि परीक्षेत किंवा प्रकल्पवहीत एखाद्या मुलाने 'झायलोकोपा; जाती निश्चित करता आली नाही, नर होता की मादी हे दिसले नाही' असे लिहिले, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत. तसे लिहिणाऱ्याने पुस्तकातले नाव उतरवून काढणाऱ्यापेक्षा भुंगा अधिक नीट पाहिलेला असतो.